खरखरणारा मिक्सर: स्प्रे हातात घेण्याआधी

आषाढ अर्धा सरला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कधी गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असतो, कधी भजनी मंडळाचे बुवा, तर कधी गॅदरिंगची जबाबदारी गळ्यात पडलेले सर. तक्रार ठरलेली: "गेन फिरवला की खरखर येते. तीन नंबरचा फेडर वर केला की आवाज कट होतो." आणि त्याच दमात दोन प्रश्न: "नवा घेऊ का?" आणि "कुठला स्प्रे मारू?"

मी रत्नागिरीत हौशी नाटकांचा आणि भजनांचा साउंड करतो. खाऱ्या हवेत मिक्सरचं काय होतं ते रोज बघतो. त्यावरून सांगतो, की दहा-वीस वर्षं जुना अ‍ॅनालॉग मिक्सर नॉब खरखरले म्हणून भंगारात काढायची गरज फार क्वचित असते. आणि स्प्रे मारायची गरजही लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी वेळा असते. दोष कुठे आहे हे आधी नीट ऐकलंत, तर निम्म्या तक्रारी मिक्सर न उघडताच मिटतात.

हा लेख आठ ते चोवीस चॅनेलच्या साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरसाठी आहे. डिजिटल मिक्सरचे फिरते नॉब वेगळ्या जातीचे असतात, त्यांचं इथे काही नाही.

आधी तानपुरा लावा

तपासणीसाठी तासभर शांतता हवी. अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि हेडफोन लावा. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू करून तो आवाज केबलने पहिल्या चॅनेलच्या लाइन इनपुटला द्या. गाणं लावू नका. गाण्यात ढोलकी वाजते तेव्हा खरखर लपते. तानपुरा एकसारखा वाजत राहतो, त्यामुळे त्यात बारीकशी कचकचही कानाला टोचते.

आता एकेक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. गेन, मग इक्वलायझर, ऑक्स, पॅन, शेवटी फेडर. प्रत्येक बटण दाबून सोडा. जिथे गडबड ऐकू येईल तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने खूण करा: खरखर असेल तर "ख", आवाज तुटत असेल तर "तु", एकाच जागी मेला असेल तर "मे". एक चॅनेल झाला की पुढचा. कंटाळवाणं काम आहे. पण तासाभराने समोर अख्ख्या मिक्सरचा नकाशा असतो, आणि "सगळाच खराब झालाय" असं वाटणाऱ्या मिक्सरमध्ये खुणा सात-आठच निघतात.

हे करण्याआधी माइकची केबल बदलून बघितलीत ना? विचारावं लागतं, कारण "चॅनेल गेला" म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक मिक्सरचा दोष कॅनन पिनच्या आत तुटलेल्या तारेत होता.

लक्षण ऐका, मग ठरवा

नॉबखाली जो पॉट (पोटेन्शिओमीटर) असतो, त्याच्या पोटात काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली काळी कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची दोन-तीन बारीक बोटं, एवढंच. फेडरमध्ये हीच पट्टी सरळ असते. बोटं आणि पट्टी यांच्यामध्ये धूळ, गुलाल किंवा हवेने धरलेला काळपट थर आला की संपर्क क्षणभर तुटतो. ती आपली खरखर. पण खरखरीची कारणं आणखीही आहेत:

- फिरवतानाच खरखर येते आणि दहा-वीस वेळा फिरवल्यावर कमी होते. मळ आहे. तुम्ही स्वतः करण्यासारखं काम.
- फिरवताना पूर्ण फेरीभर सारखीच खरखर येते, साफ केल्यावरही दोन दिवसांत परत. पॉट बहुधा चांगला असतो. त्याच्या मागचा कपॅसिटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंडेन्सर म्हणतात तो, गळायला लागून पॉटवर डीसी व्होल्टेज येतं. कितीही स्प्रे मारा, फरक पडणार नाही. कंडेन्सर बदलायला हवा.
- एकाच ठिकाणी आवाज मरतो, बाकी ठीक. पट्टी झिजली आहे. वर्षानुवर्षं ज्या जागी फेडर ठेवला जातो तिथेच हे होतं. पॉट किंवा फेडर बदलावा लागेल.
- नॉबला हात न लावता, नुसती वर टिचकी मारली तरी कचकच. डाख सुटलेला, आतली पट्टी-केबल ढिली किंवा पॉटचा नट सैल.
- हळू आवाज गायब, मोठा आवाज दिला की चॅनेल एकदम जागा होतो. स्विचचा किंवा इन्सर्ट जॅकचा संपर्क काळा पडला आहे. पॉटशी संबंध नाही.
- काहीही न करता सतत घुंऽऽ. अर्थिंग किंवा पॉवर सप्लाय. हा विषय नॉबचा नाही, मेकॅनिकचा आहे.

गेनच्या नॉबची खरखर सगळ्यांत मोठी ऐकू येते, त्याला कारण आहे. माइकचा क्षीण आवाज तिथे शेकडो पटींनी वाढतो, त्यामुळे तिथला मळही तितकाच वाढून बाहेर पडतो. म्हणून गेन खरखरतो याचा अर्थ तो सर्वांत जास्त झिजलाय असा लगेच काढू नका.

न उघडता काय करता येतं

*नॉबला व्यायाम द्या.* मिक्सर बंद. प्रत्येक नॉब आणि फेडर टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. बटणं तितक्याच वेळा दाबा. सरकणारी बोटं स्वतःच पट्टीवरचा पातळ थर घासून काढतात. वर्षभर कपाटात पडलेल्या मिक्सरला एवढंच बऱ्याचदा पुरतं. मग पुन्हा तानपुरा लावून बघा आणि बऱ्या झालेल्या नॉबवरच्या चिठ्ठ्या काढा.

*इन्सर्ट जॅक तपासा.* हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथे सर्वांत जास्त लोक फसतात.

बऱ्याच मिक्सरच्या मागे किंवा वर, माइक चॅनेलला इन्सर्ट नावाचं एक भोक असतं. आपण ते कधीच वापरत नाही. पण चॅनेलचा आवाज मात्र त्यातूनच जातो: भोकात काही नसलं की आतल्या दोन पात्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि आवाज त्यांच्यावरून पुढे सरकतो. वर्षानुवर्षं न हललेल्या या पात्या समुद्रकाठच्या हवेत काळ्या पडतात. मग चॅनेल येतो-जातो, बारीक होतो, कधी फाटतो.

उपाय सोपा आहे. मिक्सर बंद करून एक स्वच्छ पी-३८ पिन त्या भोकात पंधरा-वीस वेळा घाला आणि काढा. खात्रीच करायची असेल तर स्टिरिओ पी-३८ पिनमध्ये टोक आणि मधलं कडं आतून तारेने जोडून घ्या आणि ती इन्सर्टमध्ये पूर्ण घाला. ही पिन घातल्यावर मेलेला चॅनेल बोलू लागला तर दोष पात्यांचाच. अशी एक पिन मी बॅगेत कायम ठेवतो. भर कार्यक्रमात चॅनेल गेला तर तीच पिन घालून प्रयोग पुढे चालवता येतो.

आमच्या जवळच्या एका देवळाचा मिक्सर असाच दुकानात गेला होता. चार चॅनेलचे गेन आणि ऑक्सचे पॉट बदलून, बिल होऊन तो परत आला, आणि काकड आरतीला दुसऱ्याच दिवशी पुन्हा तोच आवाज तुटणं. इन्सर्टमध्ये पिन वीस वेळा घातली, काढली. तेवढ्यावर तो आजतागायत चालतो आहे.

*नॉब धुवा.* नॉबला स्क्रू-ड्रायव्हर लावून उचकटू नका. पॅनेलवर ओरखडा येतो आणि पॉटचा दांडा वाकतो. जुन्या सुती कापडाची पट्टी किंवा जाड दोरा नॉबखाली गुंडाळून सरळ वर ओढा. काढण्याआधी फोटो घ्या, कारण कुठला रंग कुठे होता ते नंतर आठवत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजवणं, जुन्या टूथब्रशने घासणं, आणि रात्रभर पंख्याखाली वाळवणं. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

नॉब निघालेल्या पॅनेलवर कोरडा रंगकामाचा मऊ ब्रश फिरवत व्हॅक्युम क्लीनरची नळी जवळ धरा. धूळ बाहेर खेचायची आहे, आत ढकलायची नाही, म्हणून ब्लोअर आणि तोंडाची फुंकर दोन्ही नको. फुंकरीबरोबर थुंकीही जाते. पॅनेल किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर मळाबरोबर छापलेले आकडेही जातील.

स्प्रे: कुठला, कुठे, किती

वीस वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी मी सोळा फेडरच्या फटींतून निळ्या-पिवळ्या डब्यातला साधा डब्ल्यूडी-४० मारला होता. प्रयोग लोण्यासारखा झाला. महिन्याभरात सगळे फेडर गुळाच्या पाकात बुडवल्यासारखे चिकट झाले. तेलकट थरावर धूळ बसली आणि आतलं मूळचं वंगण धुऊन गेलं होतं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी तयार केलेलं मिश्रण. नावातला चाळीसचा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. बिजागरीला उत्तम. पॉटला नको.

तेव्हा निवड अशी करा:

- कॉन्टॅक्ट क्लीनर (डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं): जॅक, बटणं, कॅनन पिन यांच्यासाठी. डब्ल्यूडी-४० चाही या नावाचा वेगळा डबा मिळतो. साध्या डब्याशी गल्लत करू नका. हा वाळून जातो, मागे वंगण ठेवत नाही.
- डीऑक्सिट डी५ सारखा क्लीनर: काळ्या पडलेल्या धातूच्या संपर्कांवर चांगला. मळ सोडवतो आणि पातळ संरक्षक थर ठेवतो. महाग आहे, पण एक डबा वर्षानुवर्षं पुरतो, कारण लागतो थेंबभरच.
- फेडरसाठीचं वंगण, म्हणजे डीऑक्सिटच्या एफ मालिकेतलं किंवा तत्सम: फेडरला सफाईनंतर हे हवंच. नुसता क्लीनर मारलेला फेडर कोरडा होतो, बोटाला खरखरीत लागतो आणि पट्टी लवकर झिजते.
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल: पॅनेलच्या आत सांडलेला चिकटा पुसायला. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. काही महागड्या फेडरची पट्टी काळ्या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर अल्कोहोल चोळू नका.

आणि हे कधीच नाही: खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, रॉकेल, पेट्रोल, डिओ स्प्रे. हसू नका. यातलं प्रत्येक मी मिक्सर उघडून प्रत्यक्ष वासाने ओळखलं आहे.

साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतं. ऑनलाइन घेताना डबा मूळ आहे ना ते बघा आणि ज्वलनशील म्हणून कुरिअरला लागणारे जादा दिवस धरून मागवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको.

उघडायचं ठरलं तर

आधी कोणी उघडू नये ते सांगतो. ज्या मिक्सरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे, म्हणजे ज्याला स्पीकर थेट जोडता येतो, तो घरी उघडू नका. ज्याचा पॉवर सप्लाय आतच आहे त्याच्या त्या भागाला हात लावू नका. स्विच मोड सप्लायमधला मोठा कंडेन्सर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भार धरून बसू शकतो. पॉवर सप्लाय बाहेर वेगळ्या डब्यात असेल, तर मिक्सरचा भाग त्या मानाने सुरक्षित.

दुसरं म्हणजे आतली रचना. काही मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेलची उभी वेगळी पट्टी असते, अ‍ॅलन अँड हीथचे मिक्सविझार्ड तसे आहेत. एक चॅनेल सुटा काढता येतो, मन लावून करण्यासारखं काम. बहुतेक स्वस्त मिक्सरमध्ये मात्र सगळे पॉट एकाच मोठ्या आडव्या बोर्डावर असतात; एका पॉटपर्यंत जायचं तर सगळे नॉब आणि सगळे नट काढावे लागतात. तळाचं झाकण काढून हा बोर्ड दिसला आणि हिंमत झाली नाही, तर झाकण परत लावा. त्यात कमीपणा काही नाही.

उघडताना:

१. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. अर्धा तास थांबा.

२. प्रत्येक पायरीला फोटो घ्या, विशेषतः चपट्या केबलींचे. त्यांच्या लाल कडेची बाजू फोटोत दिसली पाहिजे.

३. स्क्रू इडलीपात्रात ठेवा. एका वाटीत एका बाजूचे. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डला भोक पाडतो.

४. बोर्डला हात लावण्याआधी एखाद्या अर्थ केलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

५. नट घट्ट बसणाऱ्या बॉक्स पान्याने काढा. पकडीने नट फिरवलात तर पॅनेलवर कायमची सही होईल.

चपट्या केबली हाताला लागल्याच आहेत, तर प्रत्येक केबल अर्धी उपसून पुन्हा तीन-चार वेळा दाबून बसवा. गूढ कचकच बऱ्याचदा इथेच संपते.

पॉट. पायांच्या बाजूला, जिथून तीन पाय बाहेर येतात, तिथे बारीक फट असते. डब्याची लाल नळी तिथे टेकवा आणि अर्ध्या सेकंदाची एकच फुस. लगेच दांडा तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मिक्सर तिरका धरून उरलेला द्रव बाहेर निघू द्या, फडक्याने टिपा. पूर्ण बंद असलेल्या पॉटला फट नसते. त्यात दांड्यावरून द्रव ओतून आत पोचत नाही, उलट दांड्याचं ग्रीस वाहून आत येतं. तो पॉट व्यायामाने सुधारला तर ठीक, नाहीतर बदला.

फेडर. वरच्या फटीतून कधीच फवारू नका. वर बसलेली सगळी धूळ तुम्ही स्वतः पट्टीवर पोचवाल. आधी व्हॅक्युम, मग शक्य असेल तर फेडर खालच्या बाजूने मोकळा करून क्लीनर आणि तो वाळल्यावर वंगणाचा थेंब. फेडर सरकवून बघा: शेवटी तो बोटाला सारखा, किंचित जड लागला पाहिजे. फार सैल झाला तर वंगण पूर्ण गेलंय असं समजा.

बटणं. म्यूट, पीएफएल, लो-कट. बटणाच्या कडेने एक थेंब, तीस वेळा दाबणं. फँटम पॉवरच्या ४८ व्होल्टच्या बटणाचंही तेच, पण सगळ्या माइक केबली काढून.

हे सगळं करताना खिडक्या उघड्या. जवळ उदबत्ती, निरांजन, गॅस काही नको. या डब्यांमधला वायू पेट घेतो. देवळातच काम करत असाल तर सभामंडपाबाहेर या. झाकण लावण्याआधी वास पूर्ण जाईपर्यंत, किमान तासभर, उघडं राहू द्या. पहिल्यांदा चालू करताना सगळे फेडर खाली, अ‍ॅम्प्लिफायर बंद. मग पुन्हा तानपुरा.

पॉट बदलायचा झाला तर

दुकानदाराला "मिक्सरचा व्हॉल्यूम द्या" एवढं सांगून चालत नाही. पॉटच्या पाठीवर छापलेलं वाचा: उदाहरणार्थ बी १०के. के म्हणजे किलोओहम. जपानी पद्धतीच्या पॉटवर ए म्हणजे ऑडिओ किंवा लॉग, बी म्हणजे सरळ चढणारा, सी म्हणजे उलटा लॉग. फेडर आणि ऑक्सला बऱ्याचदा ए, इक्वलायझरला बी, काही मिक्सरच्या गेनला सी. जुन्या युरोपीय मालावर ए आणि बी चे अर्थ नेमके उलटे असतात, तेव्हा अक्षरावर विसंबू नका, जुना पॉट सोबत न्या.

चुकीची जात बसवली तर मिक्सर चालतो, पण सगळा आवाज एका टोकाच्या एक-दोन घरांत येऊन बसतो. बोट जरा हललं की भोंगा ओरडतो. दांड्याची लांबी, तो सपाट कापलेला आहे की दातेरी, मधे टक्क करणारा आहे का, आणि पायांमधलं अंतर हेही जुळायला हवं. फेडरला प्रवासाची लांबी पाहा: ६० मिमी आणि १०० मिमी हे नेहमीचे. नेमका मिळालाच नाही तर न वापरल्या जाणाऱ्या शेवटच्या चॅनेलचा चांगला फेडर काढून वक्त्याच्या चॅनेलला लावा. गावठी उपाय आहे, पण रास्त.

दुकानात देताना

चिठ्ठ्या लावलेला मिक्सर तसाच घेऊन जा. "खरखरतो" यापेक्षा "तीन नंबरचा गेन पूर्ण फेरीभर खरखरतो, साफ करून दोन दिवसांत परत येतो" असं सांगितलंत की चांगला मेकॅनिक सरळ कंडेन्सरकडे वळतो, आणि कच्च्या मेकॅनिकला उगाच आठ पॉट बदलायला वाव राहत नाही. पॉटवर डीसी किती येतं ते मोजायला सांगा. मीटरवर काही मिलिव्होल्टच्या वर आकडा दिसला तर कारण सापडलं.

मागून घ्यायच्या गोष्टी:

- जमा पावती: मिक्सरचं नाव, अनुक्रमांक, तक्रार, तारीख.
- लेखी अंदाज, आणि तो ओलांडण्याआधी फोन करायची अट.
- काढलेले जुने भाग परत. पंधरा पॉट बदलले असतील तर पंधरा हातात पडले पाहिजेत.
- बिल, कामाची हमी किती दिवस ते लिहून.

बिल द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. काम निकृष्ट झालं तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. एक मेख लक्षात असू द्या: धंद्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या कायद्यातून वगळल्या आहेत. स्वतः राबून त्यावरच पोट भरणाऱ्या एकट्या साउंडवाल्याला सवलत आहे. दहा माणसं कामाला ठेवून सिस्टिम भाड्याने देणाऱ्याला ती मिळणं अवघड.

पावसाळा आणि कपाट

मिक्सरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवू नका. आत ओल कोंडते. जुनी सुती चादर उत्तम. पेटीतला फोम हाताला भुगा होऊन लागत असेल तर तो आधी काढून टाका, नाहीतर तो भुगा सगळ्या फेडरमध्ये जातो. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवा, रंग उतरला की बदला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा तासभर मिक्सर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल निघते, आणि मग बंद करून नॉबला व्यायाम. ही एवढी सवय असलेलं एक भजनी मंडळ मला माहीत आहे. त्यांचा मिक्सर माझ्याकडे सात वर्षांत आलेला नाही. माझं नुकसान.

मिरवणुकीत गुलाल उधळत असतील तर मिक्सरवर जुन्या साडीचा पातळ पदर ताणून बांधा. त्यातून नॉब फिरवता येतात.

चहा सांडला तर

पुसायला धावू नका. आधी प्लग ओढा. मग मिक्सर ज्या बाजूला सांडलं त्या बाजूने खाली उलटा करा, म्हणजे चहा फेडरमध्ये खोल न जाता बाहेर येईल. साधं पाणी सांडलं असेल तर दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवून पुढे बघता येतं. चहात दूध आणि साखर असते, ती वाळली की पट्टीवर घट्ट बसते. म्हणून तो त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. चालतो का बघायला म्हणून चालू करू नका. शहाळ्याचं पाणी याहून वाईट, त्यात क्षार असतात.

आणि एखादा मिक्सर खरोखरच गेला, मेन बोर्ड जळला, तर तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. देण्याआधी मात्र त्याचे नॉब, फेडर, जॅकचे नट आणि पट्टी-केबली काढून बरणीत भरून ठेवा. बरणीवर मिक्सरचं नाव लिहा. त्याच जातीच्या दुसऱ्या मिक्सरचा एक निळा नॉब हरवल्याचा फोन मला दर गणपतीत येतो.